मी मामाला तालात बसवलं

मी मामाशी खोटं बोलले, आणि काल तो ते खरं मानून गेला.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. महाडजवळच्या तुडीलचा. तीस वर्षं महाडच्या लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवला. त्याआधी मुंबईत एका हॉटेलात, गोव्याच्या वादकांसोबत. जॅझ तिथेच शिकला.

तो ‘जाझ’ म्हणायचा. मी हसले की म्हणायचा, "तू बोल बरोबर, मी वाजवतो बरोबर."

मी लॅपटॉपवर संगीत करते. डाउनटेम्पो. संथ इलेक्ट्रॉनिक बीट, आणि त्यावर काहीतरी जिवंत हवं असतं. पहिला अल्बम करायला घेतला तेव्हा ते जिवंत म्हणजे मामाच, यात प्रश्नच नव्हता.

पण तोवर त्याची फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी वाजवायला सक्त मनाई केली. मामीने सॅक्स कपाटात ठेवून कुलूप घातलं.

एका दुपारी तिनेच ते उघडलं.
"वाजवू दे गो एकदा. नाय वाजवला तरी खोकतोयच."

चार मिनिटं वाजवलं त्याने, मी रेकॉर्डरवर घेतलं. मग खाटेवर पडला.

ती चार मिनिटं घेऊन मी घरी आले आणि अतिशहाणपणा केला.

मामा प्रत्येक बीटच्या किंचित मागे होता. मला वाटलं, दम पुरत नाहीये बिचाऱ्याचा. एकेक सूर उचलून बरोबर बीटवर आणून ठेवला. मधले श्वास कापले. मूळ फाइलवरच सेव्ह केलं. रेकॉर्डरचं कार्ड तर आधीच रिकामं केलं होतं.

मग मोठ्या तोऱ्यात त्याला ऐकवायला गेले. वीर स्टेशनला उतरले, रिक्षा केली, घरात पाय ठेवताच त्याच्या कानाला हेडफोन लावला.

त्याने डोळे मिटून पूर्ण ऐकलं.
"सरळ केलंस काय गो मला?"

"मामा, तू मागे पडत होतास."

"पडत नव्हतो. राहत होतो. वरातीत ढोल पुढं पळतात. नवरा मागनं येतो, म्हाताऱ्या मागनं येतात. त्यांच्यासाठी कुनीतरी मागं राहायला लागतं. हाटेलात पन मला तेच शिकवलेलं."

खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाला, "होतो तसा ठेव मला."

मी म्हटलं, "ठेवते मामा. मूळचं आहे माझ्याकडे."

नव्हतं.
आणि तो पुन्हा वाजवू शकणार नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर दर फोनला विचारायचा, "ठेवलंस काय गो?"
मी दर वेळी हो म्हणाले. स्वतःची लाज वाटायची, तरी हो म्हणाले.

काल मामाला न्यायच्या आधी अंगणात सगळे जमले. महाडहून बँडवालेही आले. मामी रडता रडता म्हणाली, "लाव गो त्याचं ते. ऐकू दे सगळ्यांना."

तिला नाही कसं म्हणणार? मोबाइलवर लावलं.

बँडचा ढोलवाला तीस वर्षं मामाच्या शेजारी चालला. तो मान खाली घालून ऐकत होता. थोड्या वेळाने माझ्याकडे वाकला आणि हळूच म्हणाला,

"बरा वाजवतो. पन हा कोन? आपल्याचं कदी लावतेस?"

मामा, माझं चुकलं.
तुला शेवटचा जयभीम.