हिल्डा ऑर्मरॉडची बोली

उत्तर इंग्लंडातल्या बर्नली गावच्या कापडगिरणीत हिल्डा ऑर्मरॉड चार माग सांभाळायची आणि चर्चच्या हौशी नाटकांत कामं करायची. १९४९ साली गावातल्या नाटक कंपनीची एक नटी काविळीनं अंथरुणाला खिळली. कंपनी दर सोमवारी नवं नाटक लावायची, त्यामुळे थांबायला सवड नव्हती. मॅनेजर लाईलसाहेब विचारत विचारत हिल्डाच्या दारात आले.

"साठ पानं आहेत. कधीपर्यंत पाठ होतील?"

"आज गुरुवार न्हवं? शनिवारी ऐका की."

मागांच्या खडखडाटात ओठ हलवत तिनं संवादांची नक्कल पाठ केली. सोमवारी एकदाच अडखळली, तेही कुणाला कळलं नाही. लाईलसाहेबांनी तिला ठेवूनच घेतलं.

आई, म्हणजे अ‍ॅग्नेस ऑर्मरॉड, तीही जन्मभर विणकरीणच. ती भडकली. "चांगली गिरणी सोडून तोंड रंगवाया चाललीस व्हय? उद्या कंपनी बुडली की रंगच खा!"

कंपनी बुडली नाही. हिल्डानं मोलकरणी केल्या, आत्या केल्या, खाष्ट घरमालकिणी केल्या. फक्त एक गोष्ट लाईलसाहेबांना खुपायची. "हिल्डा, सरदारघराण्यातली बाई मासळीबाजारातल्यासारखी बोलत नाही हो." मग ती रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याच्या मागोमाग बोलू लागली. चार वर्षांत तिची भाषा अशी घासूनपुसून लख्ख झाली की वाण्याच्या दुकानात लोक तिला परगावची समजू लागले. तिला याचा अभिमान वाटायचा.

त्या भाषेच्या जोरावर ती लंडनला गेली. पण तिथं तशी भाषा बोलणाऱ्या नट्या पैशाला पासरी. चहाचा ट्रे ठेवून निघून जायचं, एवढंच काम मिळायचं. एका चित्रपटात तर तिचे नुसते हातच दिसले. आईनं मात्र ते बर्नलीच्या थेटरात ओळखले आणि शेजारणीला कोपरानं ढोसलं.

१९६० साली टेलिव्हिजनवर एक मालिका निघाली. गिरणीतल्या एका विधवेची गोष्ट होती. दिग्दर्शक डेरेक फॉशॉ जेमतेम तिशीचा होता. निवडीसाठी आलेल्या हिल्डानं दोन पानं वाचली आणि त्यानं तिला थांबवायला हात वर केला.

"तुम्ही बर्नलीच्याच ना, मिस ऑर्मरॉड? मग घरी बोलता तसं बोला की."

हिल्डा बोलू लागली आणि तिचे कान तापले. शहरातल्या नटीनं खेडवळ बाईचं सोंग आणावं, तसं ते ऐकू येत होतं. जी बोली अकरा वर्षं खरवडून काढली, ती बोलवल्यावर येईना.

"मला दहा दिवस द्या," ती म्हणाली.

"आठ देतो."

ती थेट बर्नलीला घरी आली. आई चुलीपाशी बटाटे सोलत होती. हिल्डानं सगळं सांगितलं, तशी आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"म्हंजे माझी बोली आता इकाया काढलीय म्हण की! बस. राणीसारखं बोललीस, तर रातीला मटण-बटाट्याचं हॉटपॉट मिळायचं न्हाई."

शेजारची एल्सीमावशी रोज चहाला येऊन बसायची. दोघी म्हाताऱ्या गप्पा हाणायच्या, हिल्डा ऐकायची, बोलू बघायची.

"अगं, शब्द आपलेच हायती," एल्सीमावशी म्हणायची, "पर तू ते चिमट्यानं उचलतीस."

सातव्या सकाळी हिल्डा खाली आली, तर टेबलावरची नक्कल गायब.

"आई, माझे कागद कुठे आहेत?"

"ते व्हय? चूल पेटंना, म्हनून घातले."

"चुलीत घातलेस? आगं बाये, त्यावर माझं पोट हाय! डोस्कं फिरलंय का तुझं? आता त्या फॉशॉला काय तोंड दाऊ मी? राख?"

अ‍ॅग्नेस खुर्चीत रेलून गालात हसत होती. "आली बघ," ती म्हणाली. "कागदं कपाटात हायती. बोंबलू नगंस, एल्सीला वाटंल कुणी मेलं."

हिल्डा आधी रडली, मग हसत सुटली. लंडनच्या गाडीत ती तिकीट तपासनिसाशी त्याच बोलीत भांडली आणि फॉशॉपुढं उभी राहिली. एक पान संपायच्या आत त्यानं नक्कल मिटली. "काम तुमचं."

मालिका सहा भागांची होती. गिरणीच्या बायकांची पत्रं आली: आपली माणसं टीव्हीवर पहिल्यांदाच माणसांसारखी दिसली. आईनं तेवढ्यात खोड काढलीच. "विधवा हायस, तर टोपी एवढी नवी कशी?"

पुढं कामाला तोटा राहिला नाही. कधी सरदारीण, कधी भाजीवाली, हिल्डाला आता दोन्ही भाषा हुकमी यायच्या. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी लंडनच्या रंगमंचावर तिला पहिली मुख्य भूमिका मिळाली. तालमीच्या पहिल्या दिवशी एका तरुण नटीनं तिला हळूच विचारलं, "बाई, माझी गावाकडची बोली घालवायची कशी, शिकवाल?"

"शिकवते की," हिल्डा म्हणाली. "पर आधी मला तुझ्या गावची चार वाक्यं बोलून दाखव. मला ऐकायचंय."


पोरगी लाजली, घसा खाकरला आणि बोलू लागली.