दातांनी ऐकणारे तात्या

तात्या मिस्तरी इंजिनाचा आवाज दातांनी ऐकायचे. यात अलंकार काही नाही. लाकडी मुठीचा, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता त्यांच्याकडे. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ दातांत धरायची, डोळे मिटायचे आणि तसंच वाकून उभं राहायचं. आडगाव नाक्यावरचे बाकीचे मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायचे. तात्यांची ही तऱ्हा पाहून नवखं गिऱ्हाईक हमखास हसायचं. मीही हसले होते. तात्या सावकाश मूठ तोंडातून काढून शर्टाला पुसत आणि सांगत, "तिसऱ्या नंबरचा नोझल." खोलून बघावं तर बिघडलेला तिसऱ्याच नंबरचा निघे.

दुसरी तऱ्हा माणसांशी बोलण्याची. पाठीमागून कितीही हाका मारा, तात्या ओ देत नसत. समोर जाऊन उभं राहिलं तरच मान वर करत. कुणी कुरकुर केली की म्हणत, "बोलायचं तर तोंडासमोर येऊन बोल. पाठीमागं बोलणाऱ्याचं मी ऐकत नाय." नाक्यावर हे वाक्य फार गाजलेलं. कुणी त्यांना मानी म्हणे, कुणी शिष्ट. मी शिष्ट म्हणणाऱ्यांत होते.

आमची मखमलाबादला फुलशेती. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मी शाळेत असताना एक पिकअप घेतली होती. नानांचे गुडघे गेल्यापासून ती मी चालवते. फूलबाजारात जायचं तर आम्ही तिघं असतो: मी स्टिअरिंगवर, नाना खिडकीशी आणि मध्ये आई. कारण भाव करावा तर आईनंच; नाना आणि मी पहिल्याच आकड्याला मान डोलावून मोकळे होतो. तर एका वर्षी गणपती उठले आणि त्याच आठवड्यात आमचं इंजिन बसलं. रिबोर करून नीट होण्यापलीकडे गेलेलं. ज्यानं त्यानं भंगाराचा सल्ला दिला. नाना दोन दिवस अंगणात त्या गाडीकडे तोंड करून बसून होते. शेतात झेंडूला कळ्या धरलेल्या. दसऱ्याला त्याच्यासाठी माणसं रांग लावतात आणि दसऱ्यानंतर तोच झेंडू उकिरड्यावर जातो. भाड्याचा टेम्पो त्या दिवसांत देवाला मागून मिळत नाही.

शेवटी गाडी ओढून नाक्यावर तात्यांकडे नेली. त्यांनी गाडीखाली शिरून हातोडीनं चासीवर ठिकठिकाणी ठोकलं आणि बाहेर येऊन नानांना सांगितलं, "इंजिन मेलंय, गाडी नाय मेली." मागून ट्रकनं चेपलेली, बऱ्याच नंतरच्या सालची एक पिकअप त्यांच्या ओळखीत उभी होती. तिचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स आमच्या चार गिअरच्या गाडीत बसवायचा, असा बेत ठरला. पण पान्याला हात लावण्याआधी त्यांनी मला आरटीओच्या खेपा घालायला लावल्या. इंजिन बदललं की नंबर बदलतो; तो आरसी बुकावर चढला नाही तर स्वतःच्या गाडीत माणूस चोर ठरतो, असं त्यांचं म्हणणं. मी दसऱ्याआधी गाडी मिळेल ना, हे तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघत फक्त "मिळेल" म्हटलं.

नवा गिअरबॉक्स जुन्यापेक्षा वीतभर लांब. म्हणजे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट तेवढा कापावा लागणार. त्याचं माप घ्यायच्या दिवशी तात्यांनी रोजच्या मालाइतक्या वजनाची पोती आणायला सांगितली, ती मागे भरली आणि पुढे आम्हां तिघांना बसायला लावलं. मी म्हटलं, माप घ्यायला आमची काय गरज? तर म्हणाले, "रिकाम्या गाडीचं माप म्हंजे उपाशी माणसाच्या कमरेचं माप. जेवला की बटण तुटणार." आम्ही तिघं तासभर उन्हात मुकाट्यानं गाडीत बसलो. आईनं तेवढ्यात मेथी निवडून घेतली.

त्याच दिवशी त्यांना दिसलं की नव्या गिअरची दांडी बरोबर आईच्या गुडघ्यात येते आहे. आई मागे बसते म्हणाली, नानाही चालेल म्हणाले. तात्यांना चाललं नाही. त्यांनी दांडी काढली, गॅसवर लाल केली, वाकवली, पुन्हा बसवून आईला बसवून बघितलं, पुन्हा काढली. चौथ्या वेळी आईचे गुडघे मोकळे झाले. अशी बाकदार दांडी नाशकात दुसऱ्या गाडीला नसेल. आई अजून ती कुणालाही कौतुकानं दाखवते.

दसरा चार दिवसांवर आला आणि गाडी सुरू झाली. मी ओझरपर्यंत फेरी मारून आले. चाल म्हणजे लोणी! नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पेढे वाटले. तात्यांनी पेढा खिशात टाकला, मागची चाकं उचलून गाडी तिसऱ्या गिअरला चालू ठेवली, दांडीभोवतालचं झाकण काढून खाली गिअरबॉक्सवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि मूठ दातांत धरली. बराच वेळ गेला. मग उठून त्यांनी इंजिन बंद केलं आणि गिअरबॉक्स परत उतरवायचा म्हणाले.

मी आधी समजावलं, मग विनवलं, मग माझा तोल गेला. उद्या तोडणी होती. मजूर ठरलेले, क्रेट धुऊन ठेवलेले. गाडीत कसलाही आवाज नव्हता. मला नाही, नानांना नाही, नाक्यावरच्या एकालाही नाही. तात्या खाली बसून बोल्ट सैल करतच होते. मी पाठीमागून ओरडत होते आणि ते वळूनसुद्धा बघत नव्हते. शेवटी समोर जाऊन मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला ऐकू तरी येतं का?"

"नाय येत," तात्या म्हणाले. "ल्हानपणी कान वाह्यचे. सातवीपासून नायच येत."

ते रागावून बोलले नाहीत, हे सगळ्यात वाईट. माणूस समोरच्याचे ओठ वाचतो आहे, हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि मी त्याला शिष्ट म्हणत फिरत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्यांनी उठून गाडी पुन्हा चालू केली, स्क्रू ड्रायव्हर शर्टाला पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "धर दातात. कान बाहेरचं लय ऐकतो. हाडाला आतलं कळतं."

आधी इंजिनावर टेकवला. कवटीभर एकसारखी, भरदार घरघर. मग गिअरबॉक्सवर. तिथंही घरघरच, पण तिच्या पोटात काहीतरी थांबून थांबून कचकच करत होतं. जात्यात दाण्याबरोबर खडा यावा, तसं. मी मूठ काढून तात्यांकडे बघितलं. त्यांनी पाना उचलला.

बेअरिंग खोललं तर दोन गोळ्यांना खड्डे पडले होते. त्या दुसऱ्या गाडीला मागून ट्रकची धडक बसली तेव्हाच झालं असणार. भरल्या गाडीत त्यानं द्वारका चौकात दगा दिला असता की घाटात, एवढाच प्रश्न होता. तात्या दीड दिवस जेवायलाही घरी गेले नाहीत. दसऱ्याच्या आदल्या पहाटे आम्ही तिघं झेंडूनं मढलेली पिकअप घेऊन बाजारात शिरलो. परतताना पहिला हार नाक्यावर नेला. मला माफी मागायची होती. तात्यांनी माझे ओठ हलायच्या आत हार घेतला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या खुंटीला अडकवला.

पुढे काही वर्षांनी त्यांनी गॅरेज बंद केलं आणि सायखेड्याला लेकीकडे राहायला गेले. जाताना स्क्रू ड्रायव्हर मला दिला. जावई कॉम्प्युटर लावून गाड्या बघतो, त्याला हे लाकूड काय कामाचं, म्हणाले. मुठीवर त्यांच्या दातांच्या खाचा आहेत.

गेल्या दसऱ्याला त्यांच्यासाठी झेंडू घेऊन गेले. तात्या ओट्यावर बसले होते. गाडी अगदी समोर आल्यावर त्यांना दिसली, आणि उठून आधी बॉनेटच उघडलं. मी स्क्रू ड्रायव्हर दिला. त्यांनी टोक टेकवलं, मूठ तोंडात धरली, डोळे मिटले आणि लगेच उघडले. "कवळी बसवलीये," ते म्हणाले. "कवळीत कायच येत नाय." मग मूठ शर्टाला पुसून माझ्याकडे केली. "तू ऐक."

मी ऐकलं. तीच भरदार घरघर, तशीच. डोळे उघडले तेव्हा तात्या इंजिनाकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांच्यासमोर नीट उभी राहिले, सांगायला ओठ उघडले. त्यांनी हातानंच थांबवलं.

"कळलं मला," म्हणाले, आणि बॉनेट खाली केलं.