पदराखालची भाकरी

आत्येबहीण शालनचा फलटणहून फोन आला, "ताई, आई गेली गं... चुलीपुढनं उठली, बाजंवर टेकली, ती टेकलीच." रडू आलंच, पण लगेच मनात आलं, म्हणजे यमूआत्यानं शेवटच्या सकाळीही भाकरी थापलीच म्हणायची!

सत्तरच्या दशकात छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर आत्या शेक घ्यायला सांगलीत आमच्याकडे राहिली होती. किरणांच्या उपचाराला तेव्हा सगळे शेकच म्हणायचे. लहानगी शालन फलटणला आजीपाशी. "पोरगी साळंत जायपतूर तरी मला जगायचं हाय," एवढंच आत्याचं मागणं. पण शेकानं कातडी भाजायची, सोलवटायची, आणि मग उपचारच थांबवावा लागायचा. शेक देणाऱ्या डॉक्टरीणबाई भारी हौशी. त्यांनी परदेशातून एक फिल्म आणली होती. ती कातडीवर टेकवली की जिथं ऊब जास्त तिथं निळा रंग यायचा. (गरम म्हणजे निळा, हे मला अजूनही उलटंच वाटतं.) कातडी कुठं बिघडणार ते आधीच कळावं, असा बाईंचा प्रयोग. त्यासाठी छाती उघडी ठेवून गार खोलीत बसायचं असे. आत्या बसायची, पण पदर घट्ट आवळूनच!

एके दिवशी फिल्मवर भलंमोठं निळं वर्तुळ उमटलं. बाईंचा चेहरा उतरला. "यमुनाबाई, शेक थांबवावा लागेल." सोबतीला आलेली मी पटकन पुढं झाले. आत्या पांढरीफटक पडली, आणि मग चाचरत तिनं मांडीवरचं फडकं पुढं केलं. "आवं बाई... तुमच्यासाठनं गरम भाकरी आणलीया. गार हुईल म्हणून पदराखाली छातीशी धरली हुती."

बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. आत्याला पदराशिवाय बसवलं, तोवर अर्धी भाकरी तिथंच खाल्ली आणि पुन्हा फिल्म लावली. वर्तुळ गायब! काखेजवळ मात्र रुपयाएवढा निळा ठिपका राहिला, आणि तो खरा होता. बाईंनी तेवढ्या जागेला वेळीच जपलं. कातडी लाल झाली, पण फुटली नाही. शेक पुरा झाला.

शालन शाळेत गेली, पुढं तिची पोरंही गेली. आत्या मात्र निघणाऱ्या प्रत्येकीच्या हातात भाकरी देऊन बजावायची, "डाक्टरकडं जानार असशील तर पदराखाली धरू नगंस!" आणि स्वतःच आधी हसायची.

दिवसकार्य उरकून निघाले तेव्हा शालननं तव्यावरची भाकरी फडक्यात बांधून दिली. दोघी उंबऱ्यात उगाच थांबलो... ते वाक्य म्हणायला कुणी नव्हतं. मी गाठोडं पदराखाली धरलं आणि एस.टी.त बसले. फलटण मागं पडलं तरी ते गरमच होतं.