उपासाला न चालणारी गोळी

आमच्या चुलतीला उपासाचं भारी वेड. आईबापामागं तिनंच आम्हा भावंडांना वाढवलं, त्यामुळं कोल्हारच्या घरात तिचाच शब्द. बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या नवरात्रात तिनं फर्मान काढलं, माझ्या धाकट्या बहिणीनंही यंदा नऊ दिवस धरायचे. धाकटीला लहानपणापासून फिट यायच्या, म्हणून तर धरायचे. आणि तिची रोजची गोळी? "गोळीत पीठ असतंय. उपासाला न्हाई चालत." साबुदाणा चालतो, भगर चालते, शेंगदाण्याची आमटी ओरपली तरी चालते, पण हरभऱ्याएवढी गोळी चालत नाही! वा रे शास्त्र! मी नोकरीला नगरात, मला कुणी पत्ता लागू दिला नाही.

पाचव्या माळेला फिट आली ती थांबेचना. कांदा फोडून नाकाशी धरला. मग चप्पल हुंगवायची, तर त्यावरही वाद: पायताण चामड्याचंच पाहिजे, रबरी चालत नाही. पोर तडफडतेय आणि ही शहाणी माणसं घरोघर चामडं शोधतायत! शेवटी साखर कारखान्याच्या जीपनं तिला नगरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा कुठं मला कळलं.

डॉक्टरांनी नेहमीचं इंजेक्शन दिलं. झटके चालूच. दुसरं दिलं, त्याचा उग्र वास खोलीभर पसरला, तरी नाही. तिचे ओठ निळे पडले होते. डॉक्टर म्हणाले, "एक नवं औषध आलंय. शिरेतून द्यावं लागतं. श्वास मंदावायची भीती आहे, पण असंच चाललं तर ही हातची जाईल."

चुलती आडवी आली. "नवं काय बी नगं. घट उठू द्या, मग बघू."

"तवर ही राहील का?" मी ओरडलो, आणि डॉक्टरांना म्हणालो, "द्या."

औषध हळूहळू शिरेत गेलं. हात सैल पडले, मग जबडा. मला वाटलं, गेली. पण छाती वरखाली होत होती. मी लाज सोडून रडलो. चुलतीनं हात जोडले. डॉक्टरांना नव्हे, देवीला. पाचव्याच माळेला पावली म्हणे!

संध्याकाळी धाकटीनं डोळे उघडले, मला ओळखलं.

"दादा, माझा उपास मोडला का रं?"

"मोडला. बरं झालं मोडला."

तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहू लागलं. चुलतीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, मायेनं केसांतनं हात फिरवत म्हणाली, "रडू नगं, माझे बाय. फुडल्या साली पहिल्या माळेपास्नं पुन्हा धरू."