तक्रारे आणि खाणीची कच

त्यांचं खरं आडनाव पोस्टमनलासुद्धा आठवत नसे. सगळे त्यांना तक्रारे म्हणत. नाव शोभायचंही. ऊन पडलं तर चटका, सावली आली तर अंधार! पण खरा राग शेतालगतच्या दगडखाणीवर. तिथला मुकादम म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ, मग काय, आगीत तेलच. "तुझ्या दादानं माझ्या जमिनीची माती केली," असं ते रोज जेवताना ऐकवत.

शेवटी वरच्या साहेबांना त्यांनी इतकं पिडलं की खाणीवर पाण्याचे फवारे बसले. धूळ बंद! तक्रारे मिशीला पीळ देत हिंडले.

आणि घेवडा पिवळा पडायला लागला. जमीन मुळातच नुसती रेती. इतकी वर्षं खाणीकडची पट्टी तेवढी हिरवीगार असे. आता तीही रोडावली. कृषी खात्याच्या बाईंनी माती तपासली आणि म्हणाल्या, "काका, दगडाची धूळच हिला पोसत होती. खाणीवर त्या भुकटीचे, कचीचे, ढीग पडलेत. शेणखतात मिसळून सगळीकडे टाका. हळूहळू जमीन सुधारेल. नाहीतर पुढच्या हंगामाला पेरूच नका."

तक्राऱ्यांना रडू आलं. बापानं कसलेली जमीन पडीक टाकायची? पण मेहुण्यापुढे हात पसरायचा?

"मी बोलू का दादाशी?" बायकोनं विचारलं.

"खबरदार!" म्हणत ते चपला घालून स्वतःच निघाले.

मुकादम ढिगाजवळच उभा होता. "या भावजी. आता काय झालं?"

आली का पंचाईत! उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही, मागतात कसं तेच माहीत नाही. सवयीनं आवाज चढला. "काय झालं म्हणून विचारता? तुमची धूळ माझ्या शेतात येत नाही! शेजाऱ्याचा काही हक्क आहे की नाही? शुद्ध अन्याय आहे हा!"

मुकादम पाठ वळवून बराच वेळ खोकला. "चुकलंच भावजी. किती ट्रॉल्यांनी अन्याय भरून निघेल?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतः ट्रॅक्टर घेऊन आला. कच उतरवली आणि बांधावरूनच परत निघाला. धुळीवरून भांडण झाल्यापासून बहिणीचा उंबरा त्यानं ओलांडला नव्हता. बहीण शेतातल्या घराच्या दारात उभी होती. तक्रारे धावत ट्रॅक्टरला आडवे गेले.

"चहा न घेता गेलात ना," ते ओरडले, "तर थेट वरपर्यंत तक्रार करीन!"