खुणेची पुंगळी

मूस हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की कुहमोकडच्या आमच्या गावातले शिकारी आपापल्या काडतुसांच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या आर्मासच्या गॅरेजात आणून टाकत. त्यांत पुन्हा दारू भरण्याआधी म्हातारा टोक वाकवलेली तार प्रत्येकीच्या आतून फिरवायचा. तळाशी बारीक खाच लागली की ती पुंगळी बाद. पुढचा बार काढताना ती तिथूनच तुटते, नेम धरणाऱ्याच्या गालाजवळ.

ढिगात तो दरवर्षी एक खराब पुंगळी मुद्दाम मिसळायचा. तिच्या बुडाला कानशीची खूण होती. ती बाद डब्यात सापडली, तरच तो बाकीच्या भरायला घ्यायचा. एकतीस वर्षं ती तिथेच सापडली.

यंदा ती तिथे नव्हती. आर्मासने चांगल्यांचा डबा टेबलावर उपडा केला. खुणेची पुंगळी त्यात निघाली.

"थंडीनं बोटं आखडली असतील," मी म्हणालो.

"खोटं तरी नीट बोलत जा, ओइवा. ऑगस्ट आहे."

त्याने तार माझ्यापुढे धरली. "तू बघ."

मी खुणेच्या पुंगळीत तार फिरवली. खाच आहे हे ठाऊक असूनही मला काही लागलं नाही.

"लागली?"

"नाही."

"मग झालं तर. आता आपण दोघेही आंधळे."

कुणी पुन्हा भरू नयेत म्हणून पक्कड घेऊन तो चांगल्या डब्यातल्या पुंगळ्यांची तोंडं एकेक करून चेपू लागला. त्यांतल्या बहुतेक खरंच चांगल्या होत्या. मी दुसरी पक्कड उचलली.