सोमवार ते गुरुवार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — देव जाणे.

इंग्लंडात, मिल्टन कीन्सला, समीर आणि मी एकाच सॉफ्टवेअर टीममध्ये होतो. दोघंही पुण्याचे, दोघंही व्हिसावर, दोघंही वैतागलेले. त्याने कुठूनतरी मशरूमच्या पुड्या मिळवल्या — ते डोकं फिरवणारं मशरूम. घ्यायचं मात्र कणभर. नशा नाही, मन जरा हलकं. मायक्रोडोसिंग म्हणे! समीर हाडाचा टेस्टर. म्हणाला, "दोन वेळापत्रकं लावू, तुलना करू." त्याने सोमवार आणि गुरुवार घेतले. उपाशीपोटी घ्यायचं, म्हणून बायकोला, रेवतीवहिनींना, उपवास आहे असं सांगितलं. माझ्या वाट्याला सोमवार ते गुरुवार, सलग.

मी — कसं सांगू? — मी एकदाही घेतलं नाही. पकडलो गेलो तर? व्हिसा गेला तर? पुड्या सिंकमध्ये ओतल्या. "फाटली रे माझी," एवढं म्हणायला काय जात होतं? पण दर शुक्रवारी ऑफिसमागे फिरताना तो विचारायचा, आणि मी थापा मारायचो — झोप काय छान लागते, कामात लक्ष काय लागतं! त्याला काहीच फरक जाणवत नव्हता. बिचारा हिरमुसायचा. मग एक दिवस तो माझ्या वेळापत्रकावर आला.

त्याची झोप उडाली. शेजारी भिंतीतून ऐकतात, म्हणायला लागला. वहिनींनी मला घरी बोलावून विचारलं, "अहो, एवढे उपवास कशासाठी? तुम्ही तरी समजवा ना त्याला."

तेव्हा तरी बोलायचं! मी म्हणालो, "श्रद्धा आहे, वहिनी, करू द्या." आणि त्यांनी पुढे ठेवलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली. चांगली पोटभर. घास उतरला कसा?

पुढे त्याचं हॉस्पिटल झालं, नोकरी गेली, तो आणि वहिनी पुण्याला परतले. आता तो कुठल्याच नोकरीत टिकत नाही. घरीच असतो, वहिनी नोकरी करतात.

दिवाळीला त्याचा फोन येतो. इकडचं-तिकडचं बोलतो, मग आवाज खाली आणून म्हणतो, "तेच तुला झेपलं रे. माझंच डोकं कच्चं." दरवर्षी हेच. मी म्हणतो, "असं नको बोलूस." बस, तेवढंच. मला काही झालं नाही, कारण मी घेतलंच नव्हतं — हे त्याला ठाऊक नाही. स्वतःला कच्चा समजत तो तिथे बसलाय.

गेल्या दिवाळीलाही मी सांगितलं नाही.